१९०६ चा हिंदू–युरोपियन क्रिकेट सामना : एक अन्वयार्थ

प्रास्ताविक

क्रीडेतिहासाचा अभ्यास मराठीत फारसा झालेला नाही. विक्रमांच्या याद्या, खेळाडूंची चरित्रे आणि आठवणी विपुल आढळतात. परंतु एखादा सामना हा सामाजिक इतिहासाचा दस्तऐवज मानून त्याचे वाचन करण्याचे प्रयत्न विरळाच होतात. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबई जिमखान्याच्या मैदानावर हिंदू आणि युरोपियन या दोन संघांत झालेला तीन दिवसांचा क्रिकेट सामना अशा वाचनास विशेष पात्र आहे. या सामन्यात हिंदू संघाने १०९ धावांनी विजय मिळविला. विजयी संघाचा प्रमुख गोलंदाज पालवणकर बाळू हा चर्मकार समाजातील, तत्कालीन व्यवहारात अस्पृश्य मानला गेलेला खेळाडू होता आणि क्रिकेटशी त्याचा पहिला संबंध खेळाडू म्हणून नव्हे, तर मैदानावरील पगारी नोकर म्हणून आला होता. प्रस्तुत लेखात या सामन्याची पार्श्वभूमी, त्याच्या धावफलकाचा अर्थ आणि त्यातून निर्माण झालेले वेतन व जात यांचे प्रश्न यांचा विचार केला आहे.

मैदान कोणाचे?

मुंबईत एतद्देशीयांपैकी क्रिकेट प्रथम आत्मसात केले ते पारशी समाजाने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एस्प्लनेडच्या मोकळ्या मैदानावर पारशी व हिंदू मुले खेळत असत. त्याच मैदानाच्या एका भागात १८७५ मध्ये युरोपियनांचा मुंबई जिमखाना स्थापन झाला. या जिमखान्यात भारतीयांना सभासदत्व नव्हते. उरलेल्या मोकळ्या जागेवर गोऱ्या अधिकाऱ्यांचा पोलो चाले आणि घोड्यांच्या टापांनी जमीन उखडली जाई. चेंडू कोठे उसळेल आणि कोठे बसेल याचा भरवसा राहत नसे. त्याविरुद्ध पारशी क्रिकेटपटूंनी १८८० च्या दशकाच्या प्रारंभी सरकारकडे अर्ज केले. शापूरजी सोराबजी यांनी १८९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पारशी क्रिकेटच्या इतिहासात या तक्रारींचा वृत्तांत आला आहे. अखेर समुद्रालगत भराव घालून केलेल्या जागेवर पारशांना स्वतंत्र जिमखाना मिळाला आणि १८९४ मध्ये हिंदूंचा परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना उभा राहिला. धर्मनिहाय जिमखाने आणि त्यामुळे धर्मनिहाय संघ, ही मुंबईच्या क्रिकेटची घडण अशी जागेच्या वाटपातून झाली. ती केवळ धर्मभावनेतून झाली असे मानणे अपुरे ठरेल.

१८९२ पासून पारशी आणि युरोपियन यांच्यात दरवर्षी प्रेसिडेन्सी सामने होऊ लागले. हिंदू संघ या वर्तुळाच्या बाहेर होता. १९०६ च्या प्रारंभी हिंदू जिमखान्याने पारशांना सामन्याचे आव्हान दिले. ते पारशांनी नाकारले. तेव्हा मुंबई जिमखान्याने आव्हान स्वीकारले. ज्या जिमखान्याच्या इमारतीत एरवी भारतीयांना चाकर म्हणूनच प्रवेश होता, त्याच्याच मैदानावर त्याच्याच संघाशी गाठ पडणार होती. काळही साधा नव्हता. ऑक्टोबर १९०५ मध्ये बंगालची फाळणी अमलात आली होती, स्वदेशी व बहिष्काराचे आंदोलन महाराष्ट्रातही पसरले होते आणि त्याच वर्षी जपानने रशियाचा पराभव केल्याची वार्ता आशिया खंडभर कौतुकाने सांगितली जात होती. अशा वेळी बॅट-चेंडूच्या खेळातील हार-जीतही निव्वळ खेळापुरती राहणे कठीण होते.

छावणी, रोलर आणि तीन रुपये

बाळूचा जन्म १९ मार्च १८७६ रोजी धारवाड येथे झाला. कुटुंब मूळचे कोकणातील पालवणचे. आडनाव त्यावरूनच आलेले. वडिलांची नोकरी लष्करात होती आणि बाळूचे बालपण पुण्याच्या लष्करी परिसरात गेले. भारतातील क्रिकेटच्या प्रसारात छावण्यांचा वाटा किती मोठा होता, हे यावरून ध्यानी यावे. पुणे, खडकी, देवळाली आणि अहिल्यानगर (तेव्हाचे अहमदनगर) ही दख्खनमधील छावण्यांची गावे. केडगावहून नगर शहर ओलांडून भिंगारकडे जाणाऱ्याला आजही ती लष्करी आखणी सहज ओळखू येते. जेथे गोरी पलटण असे तेथे मैदान असे आणि जेथे मैदान असे तेथे ते झाडण्यास, लोळविण्यास आणि पाणी मारण्यास स्थानिक माणसे लागत. बाळू अशांपैकीच एक.

पुण्यात त्याला प्रथम पारशांच्या एका क्रिकेट क्लबात काम मिळाले. खेळपट्टी झाडणे, रोलर फिरविणे आणि अधूनमधून सभासदांना सरावासाठी चेंडू टाकणे, असे कामाचे स्वरूप होते. वेतन दरमहा तीन रुपये. १८९२ च्या सुमारास तो युरोपियनांच्या पूना क्लबात गेला. तेथे वेतन चार रुपये झाले. जाळी उभारणे, रेषा आखणे, टेनिसची मैदाने सांभाळणे ही कामे होतीच. तेथील गोऱ्या खेळाडूंपैकी कॅप्टन जे. जी. ग्रेग हा नामांकित फलंदाज. त्याच्या आद्याक्षरांतील नावांचा उच्चार घाईने केला की ‘जंगली’ असा भास होई, म्हणून तो ‘जंगली ग्रेग’ या नावाने ओळखला जाई. हा ग्रेग इतर सभासदांच्या आधी तासभर मैदानावर येई आणि बाळूच्या गोलंदाजीवर सराव करी. आपल्याला बाद केले की तो दर वेळी आठ आणे बक्षीस देई, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असेल तर हिशेब मोठा उद्‍बोधक होतो. आठवड्यातून दोनदा जरी ग्रेग बाद झाला, तरी महिन्याकाठी चार रुपये, म्हणजे पगाराइतकीच रक्कम केवळ फिरकीतून हाती येत असे.

मात्र या क्लबात बाळूला शेकडो तास गोलंदाजी करावयास मिळूनही फलंदाजीची संधी दिली गेली नाही, असे सांगितले जाते. गोलंदाजी हे श्रमाचे काम, म्हणून ते नोकराचे. फलंदाजी हा सभ्य गृहस्थाचा विलास, म्हणून ती सभासदाची. इंग्लंडमध्येही हौशी ‘जंटलमेन’ आणि वेतन घेणारे ‘प्लेयर्स’ असा भेद १९६२ पर्यंत अधिकृतपणे पाळला गेला आणि दोघांना पॅव्हेलियनची स्वतंत्र दारे असत. पुण्यात त्या वर्गभेदावर जातिभेदाचा आणखी एक थर चढला, एवढाच फरक.

बाळू डावखुरा मंदगती फिरकी गोलंदाज होता. या प्रकारात उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाच्या पायांच्या रोखाने आलेला चेंडू टप्पा पडल्यावर बाहेरच्या बाजूस वळतो. फलंदाज त्याच्यामागे ओढला जातो आणि चेंडू बॅटची कड घेऊन यष्टिरक्षकाकडे किंवा स्लिपकडे जातो. एखादा चेंडू न वळता सरळ आत शिरला, तर यष्टी उडते. यशाचे रहस्य वळणापेक्षा टप्प्यावरील हुकमतीत असते आणि ती हुकमत रोज तासन्‌तास चेंडू टाकल्याखेरीज येत नाही. पूना क्लबाने बाळूला नोकर म्हणून राबविले आणि नकळत देशातील सर्वोत्तम प्रशिक्षणही दिले, असे म्हणावयास हरकत नाही.

मातीचा पेला

पुण्यातील हिंदू क्रिकेटपटूंना युरोपियनांवर मात करावयाची होती आणि त्यासाठी बाळू हवा होता. पण त्याला संघात घ्यावे की नाही यावर वाद झाला. ब्राह्मण खेळाडूंपैकी काहींचा विरोध होता. तेलुगू खेळाडू अनुकूल होते. अखेर तडजोड झाली. मैदानावर सर्वांनी एकच चेंडू हाताळावयाचा, पण चहापानाच्या वेळी बाळूने पॅव्हेलियनबाहेर थांबावयाचे. त्याला चहा मातीच्या टाकाऊ पेल्यात मिळे, इतरांना चिनी मातीच्या कपात. जेवणही निराळ्या ताटात, निराळ्या जागी.

ही व्यवस्था काळजीपूर्वक पाहण्यासारखी आहे. चामड्याचा चेंडू बाळूच्या हातून यष्टिरक्षकाकडे, तेथून क्षेत्ररक्षकाकडे आणि पुन्हा बाळूकडे दिवसभर फिरत असे. चेंडूचे चामडे आणि त्यावर पडणारा घाम यांनी कोणाला विटाळ होत नव्हता. विटाळ सुरू होई तो सीमारेषेच्या आत टाकलेल्या पायापासून नव्हे, तर चहाच्या किटलीपासून. शुद्धाशुद्धतेचे नियम अढळ असतात हा दावा किती पोकळ आहे, हे पुण्याच्या मैदानाने दाखवून दिले. कारण जेथे गरज होती तेथे ते बिनबोभाट शिथिल झाले होते.

बाळूच्या बळावर पुण्याच्या हिंदूंनी युरोपियन संघांना हरविले. त्यांत साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्यावरील विजय विशेष गाजला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी खेळात ज्याच्या खांद्याला खांदा लावता, त्याच्यासोबत पंक्तीला का बसू नये, अशा आशयाचा प्रश्न खेळाडूंना केल्याची नोंद आहे. लोकमान्य टिळकांनीही बाळूचा गौरव केला. सुधारक आणि राष्ट्रवादी या दोन्ही पक्षांना एकाच खेळाडूविषयी आस्था वाटावी, हा पुण्याच्या सार्वजनिक जीवनात दुर्मीळच योग होता.

१८९६ मध्ये प्लेगच्या साथीच्या काळात बाळू मुंबईस गेला. तेथील हिंदू जिमखान्यातही त्याच्या प्रवेशास काही सभासदांनी हरकत घेतली होती. कर्णधार कीर्तिकर यांच्या आग्रहामुळे ती मागे पडली. पुढे धाकटा भाऊ शिवराम हाही संघात आला. १९०६ च्या सामन्यात हे दोघे भाऊ खेळले.

धावफलकाचे वाचन

या सामन्याचा धावफलक असा. पहिल्या डावात हिंदू संघाच्या २४२ धावा झाल्या. उत्तरादाखल युरोपियनांनी १९१ धावा केल्या. दुसऱ्या डावात हिंदू संघ १६० धावांत आटोपला. विजयासाठी २१२ धावांची आवश्यकता असताना युरोपियनांचा दुसरा डाव १०२ धावांत संपुष्टात आला. एकूण बेरीज पाहता हिंदूंच्या ४०२ आणि युरोपियनांच्या २९३ धावा होतात.

एकशे नऊ धावांचे अंतर पाहून सामना एकतर्फी झाला, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. ती बरोबर नाही. क्रिकेटमधील अंतिम फरक हा चौथ्या डावाच्या अखेरीस मोजला जातो. सामन्यातील चुरस मात्र त्याआधीच्या प्रत्येक टप्प्यावर पाहावी लागते. पहिल्या डावाअखेर हिंदूंकडे ५१ धावांची आघाडी होती. एका चांगल्या भागीदारीत पुसून जावी, एवढीच ती होती. त्यानंतर हिंदूंचा दुसरा डाव १६० वर कोसळला, तेव्हा सामना पुन्हा समपातळीवर आला. दोनशे बारा हे लक्ष्य अशक्य नव्हते. युरोपियनांनी पहिल्याच डावात त्याहून केवळ २१ धावा कमी केल्या होत्या. चौथ्या डावाचा पहिला चेंडू पडेपर्यंत कोणत्याही जाणकाराने निकालाविषयी पैज लावण्याचे धाडस केले नसते.

पण धावफलकात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. २४२, १९१, १६०, १०२ या चार आकड्यांचा क्रम पाहावा. प्रत्येक डाव आधीच्या डावापेक्षा कमी धावांचा झाला. त्या काळी खेळपट्टी झाकण्याची पद्धत नव्हती. तीन दिवसांच्या उन्हाने माती सुकते, बुटांच्या खिळ्यांनी तिचे पापुद्रे निघतात आणि चेंडू अधिकाधिक वळू लागतो. उसळीही विषम होते. सर्व डाव मिळून ६९५ धावा झाल्या, म्हणजे एका गड्यामागे सरासरी जेमतेम सतरा. अशा सामन्यात २१२ हे लक्ष्य कागदावर दिसते त्याहून बरेच दूर असते. नाणेफेकीनंतर प्रथम फलंदाजी करणाऱ्या संघाला येथे स्पष्ट लाभ होता, हे विजेत्यांच्या बाजूने लिहितानाही मान्य केले पाहिजे.

तथापि खेळपट्टी आपण होऊन गडी बाद करीत नाही. तिचा उपयोग करणारा गोलंदाज लागतो. आणि उखडलेल्या मातीवर कोणत्या टप्प्यावर चेंडू टाकावा, हे ज्याने वर्षानुवर्षे स्वतःच्या हाताने माती झाडली व लोळविली त्याच्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार? हिंदूंच्या विजयात बाळूच्या गोलंदाजीचा सिंहाचा वाटा होता. एकंदर कारकिर्दीत प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत त्याने १५.२१ च्या सरासरीने १७९ बळी घेतले. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला, तेव्हा त्या दौऱ्यात त्याने सर्व सामने मिळून ११४ बळी मिळविले. त्या वेळी त्याचे वय ३५ होते आणि संघाला फार यश लाभले नाही. अपयशी संघात एकट्याने असे कार्य करणारे गोलंदाज आजही मोजकेच सापडतील.

विजयानंतर

सामन्याचे पडसाद वृत्तपत्रांत उमटले. कामाक्षी नटराजन यांच्या संपादकत्वाखालील ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या मुंबईच्या पत्राने विजयाइतकेच महत्त्व त्यातील सामाजिक बाजूला दिले. पुण्यात ज्यांना बाहेर चहा घ्यावा लागे, त्या पालवणकर बंधूंना मुंबईत सहकाऱ्यांसोबत खाण्यापिण्यास मोकळीक मिळाली. ही गोष्ट सुधारकांच्या दृष्टीने शेकडो व्याख्यानांहून मोलाची होती. देशप्रेमातून जातिभेद वितळू लागल्याची ती खूण मानली गेली. हा आशावाद समजण्यासारखा आहे, पण पुढील घटनांच्या प्रकाशात तो उतावीळ ठरतो.

पुढील वर्षी, १९०७ मध्येही हिंदूंनी युरोपियनांना हरविले. त्याच वर्षी पारशी, हिंदू व युरोपियन यांची तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ मध्ये मुस्लिम संघ आल्यावर ती चौरंगी आणि १९३७ मध्ये ‘शेष’ संघ आल्यावर पंचरंगी झाली. १९४६ मध्ये ती बंद पडली. या स्पर्धेत बाळू वर्षानुवर्षे हिंदू संघाचा आधारस्तंभ होता. तरीही कर्णधारपद त्याच्या वाट्याला आले नाही. ज्येष्ठता आणि गुणवत्ता दोन्ही असूनही तो मान मिळाला नाही, हे उघड गुपित होते. कर्णधार मुकुंद पै यांनी १९१३ मध्ये आपल्या सत्कारप्रसंगी हा मान वस्तुतः बाळूचा होता, अशी कबुली दिली. चेंडू त्याने टाकावा हे सर्वांना मान्य होते. कोणी कोठे उभे राहावे हे त्याने सांगावे आणि सवर्ण खेळाडूंनी ते ऐकावे, हे मात्र मान्य होण्यास फार वर्षे लागली.

१९२० मध्ये हा प्रश्न उघड्यावर आला. पै आजारी असल्याने कर्णधारपद द. ब. देवधर यांच्याकडे गेले आणि बाळूला वगळण्यात आले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी संघातून माघार घेतली व जातीमुळे आपल्याला डावलले जाते, असे जाहीर निवेदन काढले. लोकमताचा दबाव वाढला. तडजोड होऊन भाऊ परतले आणि बाळूला उपकर्णधारपद मिळाले. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाला. त्या वर्षी अंतिम सामन्यात हिंदूंनी युरोपियनांचा पराभव केला आणि विठ्ठलला प्रेक्षकांनी खांद्यावर घेतले. विठ्ठलने पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. ते १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठी क्रीडावाङ्मयात त्याला मिळावयास हवे होते ते स्थान अद्याप मिळालेले नाही.

एक तौलनिक दृष्टिक्षेप

याच १९०६ साली अमेरिकेत बेसबॉलच्या जागतिक मालिकेत शिकागो शहरातीलच दोन व्यावसायिक संघ परस्परांसमोर उभे ठाकले. त्या हंगामात ११६ सामने जिंकलेल्या कब्ज संघाला व्हाइट सॉक्स संघाने चार विरुद्ध दोन सामन्यांनी हरविले आणि खेळाचे रसिक चकित झाले. या दोन्ही संघांत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता; असणे शक्यही नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून संघमालकांच्या अलिखित समझोत्याने त्यांना प्रमुख व्यावसायिक संघांचे दार बंद होते. कृष्णवर्णीयांनी आपले स्वतंत्र संघ आणि १९२० मध्ये स्वतंत्र संघटित लीग उभी केली. जॅकी रॉबिन्सनच्या रूपाने ते दार १५ एप्रिल १९४७ रोजी उघडले.

वर्ण आणि जात यांची तुलना नेहमी सावधपणे करावी लागते. अमेरिकेत खेळाडूला मैदानाबाहेर ठेवले गेले. परंतु स्वतःच्या लीगमध्ये तो कर्णधार, व्यवस्थापक, प्रसंगी मालकही होऊ शकला. मुंबई-पुण्यात खेळाडूला मैदानात घेतले गेले आणि पॅव्हेलियनच्या पायरीवर थांबविले गेले. यांपैकी कोणता अपमान अधिक सुसह्य, असा प्रश्न निरर्थक आहे. मात्र दुसऱ्या प्रकारात एक विलक्षण गोष्ट घडत असे : अपमान करणाऱ्यांना विजयासाठी त्याच माणसाकडे हात पसरावे लागत, तेही हजारो प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत.

बाळूचे उत्तरायुष्य

खेळातून निवृत्त झाल्यानंतर बाळू सार्वजनिक जीवनात आला. १९३२ च्या पुणे करारावर सह्या करणाऱ्यांमध्ये तो होता. अस्पृश्य समाजातील तरुणांना त्याच्या नावाचा अभिमान वाटे आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही सुरुवातीच्या काळात त्याच्याविषयी आदर होता. पुढे मात्र दोघांचे मार्ग भिन्न झाले. सवर्ण सहकाऱ्यांच्या मनात हळूहळू पालट होतो, हा बाळूचा मैदानावरचा अनुभव होता आणि त्याचे राजकारण त्या अनुभवाला धरून होते. तो पालट किती मंद आणि किती सशर्त आहे, हे आंबेडकरांना त्याच घटनांतून दिसत होते. दोन्ही निष्कर्षांना १८९६ ते १९२३ या काळातील पुरावा उपलब्ध होता.

१९३७ च्या मुंबई प्रांतिक विधिमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूला आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूला ११,२२५ मते पडली. पालवणकर बाळूचे निधन ४ जुलै १९५५ रोजी झाले.